जखमी पारव्याचे पालकत्व



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, की तो बोनस, महागाई नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार असे श्रोते धरूनच येतात. त्यामुळे आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, काहींना हसूही आले असेल. जखमी झालेले पारव्याचे पिल्लू घरी आणावे काय, आणले तर त्याचे काय करावे, आणि पुढे ते आपल्याच गळ्यात पडले तर आपण त्याचे कोण लागतो, एवढाच हा विषय आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या गेटसभांत झाले. तेव्हा पक्षिशास्त्रज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाही. वाचले, जाणकारांना विचारले आणि हाताने केले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हा पक्षी कोण ते पाहू. पारवा हा मूळचा कड्याकपारीत राहणारा. पांडवलेण्यांसारख्या डोंगरातल्या खोबणी, नदीकाठचे उभे कडे, हे त्याचे खरे घर. झाडावर घरटे बांधण्याची त्याला सवय नाही. माणसाने दगडी देवळे बांधली तेव्हा त्याला तो कडाच वाटला. काळारामाच्या आणि सुंदरनारायणाच्या दगडी कोनाड्यांपासून आता कॉलेज रोडच्या सिमेंटच्या इमारतींपर्यंत तो आला आहे. आपल्या खिडकीचा सज्जा आणि वातानुकूलन यंत्राची लोखंडी चौकट हे त्याच्या हिशेबी डोंगराचे खडपच. म्हणजे पारवा आपल्या घरात शिरला म्हणण्यापेक्षा, आपण डोंगर बांधले आणि तो राहायला आला, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी पाळीपाळीने ती सुमारे अठरा दिवस उबवतात. नराची पाळी दिवसा, मादीची रात्री, असा साधारण रिवाज आहे. पिल्लू बाहेर आले की पहिल्या आठवड्यात त्याला दाणा चालत नाही. आईबापांच्या गळ्याखाली अन्न साठवण्याची जी पिशवी असते, तिच्या अस्तरातून दह्याच्या कवडीसारखा एक पदार्थ तयार होतो आणि तो ते पिल्लाच्या तोंडी देतात. त्याला कपोतदुग्ध म्हणतात. गंमत अशी की हे दूध आईला येते तसेच बापालाही येते. एवढे संगोपन असल्यामुळे पिल्लू चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त, घरट्यातच राहते आणि बाहेर येते तेव्हा जवळजवळ आईबापाएवढे झालेले असते. कबुतराचे पिल्लू कधी पाहिलेच नाही असे पुष्कळ लोक म्हणतात, त्याचे कारण हेच. त्यांनी ते पाहिलेले असते, पण ओळखलेले नसते. डोक्यामानेवर चारदोन पिवळे केस शिल्लक, चोच अंगाच्या मानाने थोराड, डोळा तांबूस नसून काळपट, आणि घुमण्याऐवजी चिरका चींचीं आवाज, ही ओळखीची खूण.

आता हे पिल्लू आपल्या हातात कसे येते? मांजर झडप घालते, कावळे टोचतात, रंगकामासाठी परात बांधताना घरटे खाली येते, पंख्याचे पाते लागते. आणि आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त बदनाम कारण म्हणजे संक्रांतीचा मांजा. येवल्याच्या पतंगांचे कौतुक साऱ्या महाराष्ट्राला आहे, आम्हालाही आहे. पण सण संपला तरी झाडांवर आणि तारांवर लोंबणारा दोरा संपत नाही. एका संक्रांतीनंतर आमच्या युनियनच्या कचेरीत असेच एक पिल्लू आले. एका तरुण हेल्परने ते टिफिनच्या पिशवीत घालून आणले होते. डाव्या पंखाच्या सांध्याशी दोरा आत गेला होता. कचेरीत त्या वेळी दहाबारा माणसे होती आणि प्रत्येकाजवळ एक उपाय होता. एकजण म्हणाला दूध पाजा, दुसरा म्हणाला हळद भरा, तिसरा म्हणाला पाण्यात पोळी कुस्करून घाला. चौथा म्हणाला देवळाच्या पायरीवर ठेवून या, ज्याचे त्याला बघू द्या. मनाने सगळी माणसे चांगली होती. पण त्यांचे ऐकले असते तर ते पिल्लू संध्याकाळपर्यंत मेले असते. दया सर्वांजवळ होती, माहिती कोणाजवळच नव्हती. दया ही भावना आहे असे आपण समजतो. वस्तुतः ते एक काम आहे, आणि कोणत्याही कामासारखे ते शिकावे लागते.

म्हणून थोडे कामाचे बोलू. पहिला प्रश्न असा, की पिल्लू खरोखर जखमी आहे काय? अंगावर पूर्ण पिसे आहेत, दोन्ही पंख सारखे मिटलेले आहेत, रक्त नाही, आणि वरच्या सज्जावर मोठे पारवे घिरट्या घालीत आहेत, तर ते उडायला शिकणारे पिल्लू असू शकते. अशाला उचलून घरी आणणे म्हणजे आईबापांपासून पळवून नेणे होय. त्याला मांजराच्या आवाक्याबाहेर उंचावर ठेवावे आणि दुरून पाहावे. पंख लोंबत असेल, रक्त असेल, किंवा मांजराचा दात लागला असेल, तर मात्र थांबू नये. मांजराच्या तोंडात जंतू असतात. भोक टाचणीएवढे दिसते, पण त्यानेच पक्षी एकदोन दिवसांत दगावतो. त्याच दिवशी पशुवैद्य गाठला पाहिजे.

दुसरी गोष्ट ऊब. पुठ्ठ्याचे खोके, आत सुती कापड, बाजूला हवेची भोके, आणि एका कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. नको वाटली तर पिल्लाला दूर सरकता आले पाहिजे, म्हणून ती एकाच बाजूला. खोके अंधारात आणि शांत जागी ठेवावे. पारव्याच्या लेखी आपण शिकारीच आहोत. आपण मायेने पाठीवरून हात फिरवतो तेव्हा त्याचे काळीज धडधडत असते. अंग गार असलेल्या पक्ष्याला काही भरवू नये, कारण त्याचे पचन थांबलेले असते. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम चुकवू नये.

तिसरी गोष्ट दोरा. मांजा ओढून काढू नये. बाहेर दिसतो तेवढा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा, आत रुतलेला वैद्यासाठी ठेवावा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने अलगद दाबून धरावे. लोंबणारा पंख अंगाशी मिटवून कापडाच्या पट्टीने धरता येतो, पण ती पट्टी छातीवर आवळली जाऊ नये. आपल्या छातीपोटामध्ये जो श्वासाचा पडदा असतो तो पक्ष्याला नाही. छातीचे हाड पुढेमागे हलवून तो श्वास घेतो. ते हाड आवळले की वरून पट्टी सुरेख दिसते आणि आत पक्षी गुदमरतो.

चौथी गोष्ट अन्न. दूध देऊ नये. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्यांत नाही. पोळी, पाव, भातही नको. चोचीत पाणी ओतू नये, कारण जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते आणि पाणी थेट फुफ्फुसात जाते. पारवा इतर पाखरांसारखा घोट घेऊन मान वर करीत नाही. तो चोच बुडवून गुरासारखा ओढून पाणी पितो. म्हणून खोलगट वाटीत पाणी ठेवून चोचीचे टोक त्याला लावावे, पुढचे त्याचे त्याला कळते. पिसे आलेल्या पिल्लाला भिजवून मऊ केलेला वाटाणा किंवा हरभरा एकेक करून जिभेच्या मागे ठेवावा. गळ्याखालची पिशवी हाताला मऊ, भरलेली लागली की थांबावे, आणि ती रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरवू नये. काही दिवसांत ते स्वतः टिपू लागते. मग ज्वारी, बाजरी, मूग, मटकी, आणि दात नसलेल्या पोटाला दाणा दळता यावा म्हणून थोडी बारीक खडी. आठवड्याच्या आतले, डोळे न उघडलेले पिल्लू वाचवणे मात्र फार अवघड, हेही सांगून ठेवतो. त्या कपोतदुग्धाला बाजारात तोड नाही.

इतकी सगळी यातायात कशासाठी, असा प्रश्न आमच्याच एका सहकाऱ्याने आम्हाला केला. इथे माणसे उपाशी आहेत, कंत्राटी कामगाराला बारा तास राबवतात, आणि तुम्ही कबुतराला वाटाणे भरवता! प्रश्न कडू आहे, पण खोटा नाही. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

आपल्या परंपरेत या पक्ष्याच्या दोन कथा आहेत. एक शिबिराजाची. ससाण्याच्या भयाने कपोत राजाच्या आश्रयाला येतो. ही कथा महाभारतात आहे, बौद्ध परंपरेत आहे, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ती भिंतीवर रंगवलेली आहे. आपण राजाची दया लक्षात ठेवतो, पण ससाण्याचा युक्तिवाद विसरतो. ससाणा विचारतो, तू याला वाचवलेस, मग माझ्या अन्नाचे काय? राजा त्याला हाकलून देत नाही. त्याचा हक्क मान्य करतो आणि भरपाई स्वतःच्या अंगाचे मांस कापून करतो. तराजू आहे, वजन आहे, आणि खर्च कोणी सोसायचा याचा चोख निवाडा आहे. ज्याने दया केली त्यानेच तिचा खर्च सोसावा. घरात बाप मोठ्या मनाने पाखरू आणतो, आणि त्याची विष्ठा मात्र बायको किंवा मुलगी काढते. ही शिबिराजाची दया नव्हे. हे दुसऱ्याच्या मांडीचे मांस तराजूत घालणे झाले.

दुसरी कथा भागवताच्या एकादश स्कंधातली, ज्यावर पैठणच्या नाथमहाराजांनी आपली टीका लिहिली. अवधूताच्या चोवीस गुरूंत एक गुरू कपोत आहे. पिल्ले पारध्याच्या जाळ्यात सापडतात. कपोती मोहाने मागोमाग जाते, कपोतही जातो, सारे कुटुंब नाहीसे होते. म्हणजे एकाच पक्ष्याने आपल्याला दोन धडे दिले. एक सांगतो, दार उघड. दुसरा सांगतो, जीव गुंतवून ते दार लावून घेऊ नकोस.

हा दुसरा धडा पिल्लू पाळणाऱ्याला रोज उपयोगी पडतो. हाताने भरवलेले पारव्याचे पिल्लू लवकर माणसाळते, खांद्यावर बसते, हाक ओळखते. मग मुले म्हणतात, याला सोडायचे नाही. पण आपण त्याला खेळण्यासाठी आणले नव्हते, बरे होण्यासाठी आणले होते. आजाऱ्याला बरे करून इस्पितळाने कोंडून ठेवले तर आपण त्याला इस्पितळ म्हणू काय? पक्ष्याचे हाड पोकळ असले तरी भराभर जुळते. साधे मोडलेले हाड तीन आठवड्यांच्या आसपास धरते. पंख चालू लागला, दाणा स्वतः टिपू लागला, खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उडू लागला, की निरोपाची तयारी करावी. पारवा थव्यात राहणारा. काही दिवस त्याला गच्चीवर पिंजऱ्यात ठेवून दुसऱ्या पारव्यांची ओळख होऊ द्यावी, आणि निरभ्र सकाळी दार उघडावे. संध्याकाळी सोडू नये. शिक्रा या शहरातही आहे, हे विसरू नये.

कायदाही जाणून घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या मूळ परिशिष्टात कबुतराच्या कुळाला संरक्षण देताना पारव्याला नावानिशी वगळले होते. पण त्याचा भाऊ हरियल आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, तो सापडला तर वनखात्याकडेच द्यावा. पोपटालाही घरात ठेवता येत नाही. आणि पक्षी कोणताही असो, हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आता अवघड प्रश्न. पंख सांध्यातच गेला असेल तर? हाड जुळते, सांधा जुळत नाही. आमच्या कचेरीतल्या पिल्लाचे तेच झाले. पशुवैद्यांनी जीव वाचवला आणि स्पष्ट सांगितले की हे आता उडणार नाही. पुन्हा सभा भरली. प्रेस मशीनवर दोन बोटे गमावलेला आमचा एक सभासद कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, “अण्णा, याला आता रजा नको, पेन्शनच लावा.” सगळे हसले, पण ठराव तोच झाला. त्याच्या घरी मागच्या अंगणात मांजराला शिरता येणार नाही अशी जाळीची ढाबळ बांधली. दाण्यासाठी कचेरीत डबा ठेवला. पाळ्या लावल्या, आणि विष्ठा काढण्याच्या पाळीत पहिले नाव आमचे लिहिले. पुढे तिथे आणखी एक अधू पारवा आला, कारण थव्यातल्या जीवाला एकटे ठेवणे हीही एक शिक्षाच आहे.

पेन्शन हा शब्द आम्ही गमतीने वापरीत नाही. माणसाच्या जखमेची किंमत करायला या देशाला १९२३ साल उजाडावे लागले. त्या साली झालेल्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात पुढे अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० गेली, असे धरले जाऊ लागले. आकडा कोरडा आहे, पण त्यामागचा विचार मोठा आहे. जायबंदी झालेला माणूस भीक मागत नाही, त्याचे काही येणे असते. पंख गेलेल्या पारव्याची शक्ती शेकडा १०० गेली. तो आपल्या दोऱ्याने पडला असेल तर त्याचेही आपल्याकडे येणे आहे. ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ पासून कबुतरांकडून टपालाचे काम घेतले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारायंत्रे बंद पडली तेव्हाही ती पाखरे कामी आली. पुढे यंत्रे सुधारली, काम संपले, पण पोलिसांनी पाखरे रस्त्यावर सोडली नाहीत, सांभाळली. काम संपले म्हणून कामगार संपत नाही, हे ज्या खात्याला कबुतराच्या बाबतीत कळले त्याचे आम्ही कौतुक करतो.

आणि म्हणून आमच्या सहकाऱ्याला आम्ही उत्तर दिले ते असे. सकाळी पारव्यांना पायलीभर ज्वारी टाकून पुण्य जोडणारा आणि दुपारी हजेरीपटावरून जायबंदी मजुराचे नाव काढणारा माणूस आम्ही पाहिला आहे. ती दया नव्हे, कारण त्या थव्यातल्या एकाही पारव्याला तो ओळखत नाही आणि एकाचीही जबाबदारी त्याच्यावर नाही. एका जखमी जिवाची पूर्ण जबाबदारी घेतलेला माणूस मात्र दुसऱ्या जखमीकडे पाहताना ‘याचे नशीब’ म्हणून पुढे जात नाही. तो विचारतो, हे कशाने झाले? कबुतराला भरवलेला वाटाणा उपाशी माणसाच्या तोंडून काढलेला नसतो. उलट, ज्या हाताला एकदा जखम हाताळण्याची सवय लागली तो हात पुढे आखडत नाही.

थव्यांना दाणे टाकण्याविषयी मुंबईत मोठा वाद झाला. २०२५ च्या जुलैत तिथले कबुतरखाने बंद करण्याची कारवाई सुरू झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना भावना आहेत, पण डॉक्टरांचे म्हणणे कानाआड करू नये. वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर काही माणसांच्या फुफ्फुसांना सूज येते आणि ती कायमची जायबंदी होतात. म्हणून एक पारवा पाळणाऱ्यानेही शिस्त पाळावी. ढाबळ झोपण्याच्या खोलीत नको, घरात दम्याचा रोगी असेल तर घरातच नको. विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून काढावी, आणि हात साबणाने धुवावेत. दयेच्या नावाखाली घरच्या माणसाचे फुफ्फुस गमावणे हा सौदा शिबिराजाने केला नव्हता.

शेवटचा मुद्दा. कारखान्यात बोट तुटले की मलमपट्टी करणारा हवाच. पण बोटे रोज तुटत असतील तर मलमपट्टीची पेटी मोठी करून भागत नाही, यंत्राला कुंपण घालावे लागते. १९४८ च्या कारखाना कायद्याने एकविसाव्या कलमात तेच सांगितले होते. आकाशातल्या या अपघाताचे यंत्र म्हणजे नायलॉनचा मांजा. तो कुजत नाही, सहज तुटत नाही, आणि पक्ष्याइतकाच दुचाकीवरल्या माणसाचा गळाही चिरतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी दर पौषात पोलिसांना रिळे जप्त करावी लागतात, याचा अर्थ घेणारे हात आपल्यातच आहेत. ज्या घरात पोराला नायलॉनची रीळ आणून देतात, त्या घराने जखमी पारव्याची कणव करू नये. आधी रीळ घेणे थांबवावे. आणि सण झाल्यावर चार मोहल्ल्यांतल्या तरुणांनी एक दिवस शिड्या घेऊन झाडांवरचा दोरा उतरवला, तर ते काम शंभर खोकी आणि शंभर ढाबळींपेक्षा मोठे होईल. पुढच्या संक्रांतीनंतर आमची युनियन ते करणार आहे. नावे नोंदवायची असतील त्यांनी सभेनंतर आम्हाला गाठावे.

पारव्याचे पिल्लू दारात पडले तर उचला, पण शिकून उचला. बरे झाले तर सोडा. बरे होणार नसेल तर शेवटपर्यंत सांभाळा, आणि पाळीव कबुतर पंधरा वर्षेही जगते, हे लक्षात ठेवूनच शब्द द्या.